पिशवी घेऊन लिमात: नवख्यांसाठी बाजारांची आणि चवींची वाट

पेरूला जाऊन पेरू खाल्लास का, हा प्रश्न परत आल्यावर मला निदान वीस जणांनी विचारला, आणि हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय असं प्रत्येकाला वाटत होतं. तर, खाल्ला. तिथे त्याला ‘ग्वायाबा’ म्हणतात आणि देशाच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही. आपला ‘पेरू’ पोर्तुगिजांच्या ‘पेरा’वरून, म्हणजे नासपतीवरून आला असं मानतात.

माचू पिचूचे इंका अवशेष बघायला निघालेले बहुतेक लोक लिमात, म्हणजे पेरूच्या राजधानीत, एक रात्र काढतात, कड्यावरून समुद्राचे फोटो घेतात आणि सकाळच्या विमानानं कुस्कोला पळतात. मी कामानिमित्त तिथे सात महिने होते. त्या अनुभवावरून सांगते, लिमाला तीन दिवस द्या आणि ते बाजारांत घालवा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पाच बाजार एकेकदा बघण्यापेक्षा एका बाजारात तीनदा जा. लिमात विकणारी आणि गिऱ्हाईक दोघंही एकमेकांना ‘कासेरा’ किंवा ‘कासेरो’ म्हणतात. ‘कासा’ म्हणजे घर. कासेरा म्हणजे आपली नेहमीची, घरची. पहिल्या दिवशी भाजीवाली तुम्हाला हे सवयीनं म्हणते, तिसऱ्या दिवशी ओळखून म्हणते. त्या दोन हाकांमध्ये भावाचा, मापाचा आणि मालाचाही फरक पडतो.

पायरी १: निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा हाताशी असेल तर सूट मिळते. पण नियम बदलत असतात, दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून एकदा खात्री करून घ्या. थेट विमान नाही, युरोप किंवा अमेरिकेतून वळसा घालूनच जावं लागतं. घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे. म्हणजे पहिले दोन दिवस पहाटे चारला टक्क जाग येणार. बाजारासाठी हे बरंच आहे.

चलन ‘सोल’. एक सोल म्हणजे साधारण पंचवीस रुपये धरून चाला. बाजारात स्थानिक लोक फोनवरून पैसे देतात, आपल्या यूपीआयसारखंच चालतं ते. पण आपल्याला सुट्ट्या नोटा-नाणी लागणार. शंभराची नोट काढलीत की बाई ती दोनदा उजेडात धरून बघेल आणि मग सुटे नाहीत म्हणेल. दहा-वीसच्या नोटा ठेवा.

नळाचं पाणी पिऊ नका. फोन हातात नाचवू नका, पाठीची पिशवी गर्दीत पोटावर घ्या. टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे ॲपवरून बोलवा किंवा बसण्याआधी भाडं ठरवा. आणि छत्री घरीच ठेवा. लिमा वाळवंटात वसलंय, तिथे पाऊस असा पडतच नाही. जून ते ऑक्टोबर मात्र आभाळ सतत राखाडी असतं आणि ‘गारुआ’ नावाची झिमझिम हवेत तरंगत राहते. लिमेकर त्या आभाळाला ‘गाढवाचं पोट’ म्हणतात. मुंबईतल्या माणसाला हा पाऊस म्हणजे फसवणूक वाटते: अंग ओलं होतं, जमीन होत नाही.

पायरी २: पहिली सकाळ, सुर्कीयोचा बाजार

पाहुणे बहुतेक मिराफ्लोरेस भागात उतरतात. तिथून पूर्वेला चालत गेलं की जमिनीखाली खोल खोदलेला एक महामार्ग लागतो. लोक त्याला ‘सान्होन’ म्हणतात, म्हणजे खंदक. रिकार्दो पाल्मा रस्त्याच्या पुलावरून खंदक ओलांडला की सुर्कीयोचा बाजार क्रमांक १. अलीकडे काचेच्या इमारती आणि पलीकडे कोथिंबिरीचे भारे. कोथिंबीर त्यांच्याकडेही मुबलक. तिथलं नाव ‘कुलांत्रो’.

सकाळी आठ ते अकरा ही वेळ धरा. आत शिरल्याबरोबर खरेदी करू नका, आधी एक चक्कर मारा. मांसाची रांग कुठे आहे ते लांबूनच हेरून ठेवा, कारण शाकाहारी माणसाचं मन तिथे चटकन उडतं. डुकराची मुंडकी, कातडीसकट पिवळ्याजर्द कोंबड्या, आतडी, आणि कधीकधी सोललेले ‘कुय’, म्हणजे गिनीपिग. त्या देशात तो पाळीव प्राणी नाही, सणासुदीचं जेवण आहे. नाक मुरडायचं असेल तर मनातल्या मनात मुरडा. फळांच्या रांगा बाहेरच्या बाजूनं लागतात. तिथून सुरुवात केलीत तर पोटात आणि मनात दोन्हीकडे जागा राहते.

भाव किलोवर लिहिलेला असतो, खाण्यापिण्याच्या मालात घासाघीस फारशी चालत नाही. ‘आ क्वांतो?’ म्हणजे कितीला. ‘ऊना प्रोबादीता?’ म्हणजे जरा चव देता का. हे दुसरं वाक्य पाठच करा. चव मागणं तिथे भिकारपणाचं नाही. उलट सुरी काढून फोड कापून देण्यात विकणारीची शान असते.

पायरी ३: रसाच्या गाळ्यावर बसायला शिका

रसाचे गाळे एका रांगेत असतात, समोर उंच स्टुलं, मागे फळांचे मनोरे. बसा. पपई, अननस, संत्रं काहीही मागा. साखर नको असेल तर ‘सिन आसूकार’, बर्फ नको तर ‘सिन येलो’. ‘सुर्तीदो’ म्हणजे मिसळ रस, त्यात बहुधा बीटही पडतं आणि रंग महाशिवरात्रीच्या भांगेऐवजी रंगपंचमीचा येतो. ‘एस्पेसियाल’ मात्र विचार करून मागा. खास रस म्हणून मी पहिल्याच दिवशी मागवला आणि बाईनं माझ्यादेखत मिक्सरमध्ये कच्चं अंडं फोडलं, वर काळी बिअर ओतली. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून तो असतो म्हणे. मी अशक्त दिसत असेन.

आता गंमत बघा. बाई मोठा पेला काठोकाठ भरून देते, पण मिक्सरचं भांडं धूत नाही, तुमच्यासमोरच ठेवते. तळाशी तीन बोटं रस शिल्लक असतो. पेला अर्धा झाला की ती काही न बोलता भांडं उचलते, हलवते आणि उरलेला रस तुमच्या पेल्यात रिता करते. शेवटच्या थेंबासाठी भांड्याच्या बुडावर तळहातानं एक थाप. याला म्हणतात ‘यापा’. शब्द केचुआतला, म्हणजे अँडीज पर्वतातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. आपण भाजीवाल्याला ‘वर चार मिरच्या टाका हो’ म्हणतो तेच हे, फक्त तिथे त्याला स्वतःचं नाव आहे. नवख्याला यापा कधी मिळतो, कधी मिळत नाही. नाही मिळाला तर हसून ‘ला यापीता?’ म्हणा. पेला साधारण दहा सोलच्या आसपास पडतो आणि त्यात सकाळची न्याहारी होऊन जाते.

पायरी ४: बटाट्यांपुढे अर्धा तास

घाई असेल तर ही पायरी सोडून बाकी काहीही गाळा.

बटाट्याला तिथे ‘पापा’ म्हणतात. अँडीज पर्वतातच माणसानं हे कंद माणसाळवले, आणि लिमाच्या ला मोलिना भागात १९७१ मध्ये सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे; त्याच्या संग्रहात हजारो वाण जपलेले आहेत. बाजारात इतके नसतात, पण सात-आठ तरी असतातच, आणि कुठलीही लिमेकर बाई ‘एक किलो बटाटे द्या’ असं म्हणत नाही. ती वाणाचं नाव घेते. ‘आमारिया’ आतून पिवळाधम्मक, उकडला की भुसभुशीत होतो, पाण्यात जरा जास्त वेळ राहिला तर विरघळूनच जातो, लगद्यासाठी तो. ‘वायरो’ रश्श्यात टाकायचा, कारण तो रस शोषून घेतो. ‘युंगाय’ रोजच्या कामाचा. ‘कांचान’ लालसर सालीचा, तळायला बरा. याशिवाय वरच्या गावांतून येणारे जांभळे, काळे, गाठीगाठींचे बटाटे असतात. विकणारीला ‘उकडायला कुठला?’ एवढं विचारलंत तरी ती दोन वाक्यांत तुमची शिकवणी घेईल.

शेजारीच काळपट, गारगोटीसारखे दिसणारे पण हलके गोळे दिसतील. तो ‘चुन्यो’. डोंगरावर रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत बटाटे पसरायचे, दिवसा उन्हात वितळू द्यायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि सुकवायचे. वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या वाळवणाचंच तत्त्व, फक्त आपल्याकडे नुसतं ऊन, त्यांच्याकडे ऊन आणि हिम दोन्ही. चवीला मला मातकट वाटला, आवडला असं खोटं सांगणार नाही.

बटाट्यांच्या पलीकडे रताळी (‘कामोते’), कसावा (‘युका’, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद), शेंगदाणे (‘मानी’) आणि राजगिऱ्याचा सख्खा भाऊ ‘किविचा’. एका गाळ्यावर हे सगळं शेजारी शेजारी बघितलं आणि मला एकदम आषाढी एकादशी आठवली. वरई सोडली तर आपलं उपासाचं ताट जवळजवळ सगळं अमेरिका खंडातून आलेलं, मिरचीसकट. पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे लोक उपासाला काय खात होते कोण जाणे. कदाचित खरंच उपास करत असतील. किविचाच्या लाह्यांच्या मधात बांधलेल्या वड्या तिथे मिळतात. राजगिऱ्याची वडीच ती. प्रवासात पिशवीत ठेवायला उत्तम.

पायरी ५: मिरची आणि हिरवा पाला

मिरचीला ‘आही’. मराठी माणूस इथे छाती पुढे काढून जातो आणि एका मिरचीपाशी हमखास आपटतो. ती म्हणजे ‘रोकोतो’. दिसायला छोट्या लाल सिमला मिरचीसारखी, गुबगुबीत, निरागस. कापलीत तर आतल्या बिया काळ्या दिसतील. काळ्या बिया दिसल्या की सावध. मी सिमला मिरची समजून फोड तोंडात टाकली आणि पुढची दहा मिनिटं शेजारच्या गाळ्यावरच्या बाईनं दिलेलं ताजं चीज चघळत डोळे पुसत बसले.

स्वयंपाकाचा खरा कणा ‘आही आमारियो’. नावाचा अर्थ पिवळी मिरची, रंग नारिंगी. तिखट आहे पण तिची फळासारखी गोडसर चव आधी लागते. तीच वाळवली की ‘मिरासोल’. ‘पांका’ ही दुसरी वाळलेली मिरची, गडद तपकिरी, तिखटपणा कमी आणि धुराचा वास. रंगासाठी आपण ब्याडगी वापरतो तशी. ‘आही लिमो’ सेविचेसाठी, म्हणजे लिंबू पिळलेल्या कच्च्या माशासाठी.

पाल्यांत ‘वाकाताय’ची जुडी हुंगून बघा. झेंडूच्याच कुळातली वनस्पती आहे. वास पुदिना, तुळस आणि दसऱ्याच्या तोरणाचा एकत्र. आलं मागायचं असेल तर ‘कियोन’ म्हणा. स्पॅनिश शब्दकोशातला शब्द वेगळा आहे, पण लिमात आल्याचं नाव कँटनी चिनीतून आलंय. ते का, हे सहाव्या नाही, आठव्या पायरीवर.

पायरी ६: फळं

थोडक्यात सांगते, कारण फळं खाऊनच कळतात. ‘चिरिमोया’ सीताफळाची चुलत बहीण: कमी बिया, रवाळपणा कमी, लोण्यासारखा गर. दाबून मऊ लागेल तेच त्या दिवशी खायचं. ‘ग्रानादिया’ वरून कडक नारिंगी अंडं. अंगठ्यानं फोडायचं आणि आतला बुळबुळीत गोड गर बियांसकट सुर्रकन ओढायचा, चावायच्या भानगडीत पडायचं नाही. ‘पाकाय’ हातभर लांब हिरवी शेंग, आत बियांभोवती पांढरा कापूस. विलायती चिंच खाल्लेल्याला सांगावं लागत नाही. ‘लूकुमा’ नुसता खाल्लात तर कोरडा, गूळ घालून उकडलेल्या रताळ्यासारखा. त्याची खरी जागा आइस्क्रीममध्ये. आंबे डिसेंबर ते मार्चमध्ये भरपूर, दिसायला देखणे. हापूसशी तुलना करू नका, दोघांवरही अन्याय होतो.

पायरी ७: दुपारचं जेवण, सेविचे आणि शाकाहाऱ्यांची कसरत

लिमात ‘मेनू’ मागितलात तर कागद मिळत नाही, जेवण मिळतं. ‘मेनू’ म्हणजे ठरलेली थाळी: आधी सूप किंवा सॅलड, मग मुख्य पदार्थ, सोबत सरबत. बाजारातल्या गाळ्यांवर साधारण पंधरा सोलमध्ये. पदार्थांची यादी हवी असेल तर ‘ला कार्ता’ म्हणायचं.

मासे खाणाऱ्यांनी सेविचे दुपारीच खावं. कच्च्या माशाचे तुकडे, लिंबू, मीठ, मिरची, वर बारीक चिरलेला जांभळा कांदा. बाजूला उकडलेलं रताळं, मोठ्या दाण्यांचा मका आणि भाजलेले मक्याचे कुरकुरीत दाणे. लिमेकर संध्याकाळी सेविचे खात नाही. मासा सकाळचा, तो दुपारीच संपला पाहिजे, असा हिशेब. चार-पाचला सेविचेची दुकानं बंद होतात, सोमवारी पुष्कळशी उघडतच नाहीत. लिंबू आणि कांदा स्पॅनिश लोकांनी आणले. पूर्वी मासा लिंबात तासन्‌तास मुरवत; १८९९ पासून आलेल्या जपानी कुटुंबांच्या हाताखाली ते काही मिनिटांवर आलं, असं लिमात सगळे सांगतात. २०२३ मध्ये युनेस्कोनं सेविचेला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. गाळ्यावर बसलात तर बघा: मासा बर्फावर आहे का, लिंबू तुमच्यासमोर पिळतात का, स्टुलावर स्थानिक माणसं आहेत का. लिंबानं मासा पांढरा पडतो, पण त्यातले जंतू मरतातच असं नाही. गरोदर बाया, लहान मुलं आणि आधीच पोट बिघडलेले यांनी त्या दिवशी मका खावा. वाटीतला आंबट-तिखट पांढरट रस उरतो त्याला ‘वाघिणीचं दूध’ म्हणतात. तो टाकू नका, लोक तो वेगळा विकत घेऊन पितात.

आता शाकाहारी. ‘सिन कार्ने’ एवढंच म्हणून थांबलात तर ताटात कोंबडी येईल, आणि वाढणारीचं त्यात काही चुकलेलं नसेल. पेरूत ‘कार्ने’ म्हणजे बहुधा मोठ्याचं मटण. त्यामुळे पूर्ण मंत्र म्हणायचा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, मटण नको, कोंबडी नको, मासा नको. वर ‘सोय वेहेतारियाना’ (पुरुषांनी ‘वेहेतारियानो’). भात आणि सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असू शकतात, कडधान्यांत डुकराची चरबी, म्हणजे ‘मांतेका’, पडलेली असू शकते. फार कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. ‘पापा आ ला वांकाईना’: उकडलेल्या बटाट्यावर पिवळी मिरची आणि ताज्या चीजची दाट चटणी. बरोबर अंडं येतं, नको असेल तर सांगा. ‘काउसा’: पिवळ्या बटाट्याच्या लगद्यात लिंबू आणि मिरची मळून थर लावतात, मध्ये सारण, अॅव्होकाडोचं, म्हणजे ‘पाल्ता’चं सारण मागा. थंडगार खायचा प्रकार आहे. पहिला घास घेतला तेव्हा बटाटेवड्याचं सारण कुणी फ्रिजमध्ये ठेवून दिलंय असं वाटलं, तिसऱ्या घासाला मी शरण गेले. ‘चोक्लो कोन केसो’, म्हणजे उकडलेलं कणीस आणि चीजचा जाड तुकडा, दाणे एवढे मोठे की एकेक सुटा काढून खायचा. ‘सोल्तेरीतो’ हे दक्षिणेतल्या आरेकीपा शहराकडचं सॅलड. आणि ‘पायार’ नावाचे चपटे पांढरे दाणे दिसतील. इंग्रजीत ज्यांना लिमाच्या नावानं ओळखतात, आपल्या वाण्याकडचे डबल बी.

पायरी ८: दुसरा दिवस, जुनं लिमा आणि चिफा

स्पेनच्या पिसारोनं १५३५ मध्ये वसवलेल्या जुन्या शहरात मध्यवर्ती बाजार, ‘मेर्कादो सेंत्राल’, आहे आणि त्याला लागून काये कापोन हा चिनी भाग. सुर्कीयोची सकाळची फेरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही चुकवू नका; ती झाली की मिराफ्लोरेसहून ‘मेत्रोपोलितानो’ बस घ्या. तिची स्वतंत्र मार्गिका आहे, स्टेशनवर कार्ड विकत घेऊन पैसे भरायचे. इथला बाजार सुर्कीयोपेक्षा मोठा, दाट आणि धक्काबुक्कीचा. दादरच्या फूलबाजारात फिरताना जसं अंग चोरतो तसं चोरायचं.

१८४९ पासून चिनी मजूर करारावर पेरूत आणले गेले. समुद्रपक्ष्यांची विष्ठा खत म्हणून विकली जाई, ती बेटांवरून खणून काढण्याचं आणि ऊस-कापसाच्या मळ्यांवरचं काम, करार नावालाच. सुटले ते शहरात आले, छोट्या खानावळी टाकल्या. ‘ची फान’, जेवायला या, या हाकेवरून त्या खानावळीचं नाव ‘चिफा’ पडलं. आल्याचं ‘कियोन’ आणि सोया सॉसचं ‘सियाव’ ही नावं त्याच माणसांनी शहराच्या तोंडात ठेवली. आज लिमात कुठल्याही गल्लीत चिफा सापडतो आणि ‘आरोस चाउफा’ हा परतलेला भात पेरूचाच मानला जातो. भाज्यांचा चाउफा मागताना तोच वरचा मंत्र म्हणा, शिवाय ‘सिन चांचो’, डुकराचं नको. आपल्या हातगाडीवरच्या फ्राइड राइसवर वाढलेल्या माणसाला इथे एकदम घरच्यासारखं वाटतं.

बाजारात वाटेत आणखी रसाचे गाळे दिसतील. लिमातल्या काही बाजारांत बेडकाचा रसही ताकदीसाठी विकतात, तेव्हा काचेच्या पेटीत काही हलत असेल तर पुढच्या गाळ्यावर जा.

पायरी ९: संध्याकाळ रस्त्यावर

संध्याकाळी हातगाड्या लागतात. ‘एमोलिएन्ते’ प्या: बार्ली, जवस आणि औषधी पाल्यांचा गरम काढा, वर लिंबू. जवसामुळे जरा चिकट, तार धरणारा. गारुआच्या थंडीत पेला दोन्ही हातांत धरून उभं राहायचं. नंतर ‘पिकारोनेस’. भोपळा आणि रताळ्याचं आंबवलेलं सैल पीठ. बाई खाऱ्या पाण्यात हात बुडवते, गोळा उचलते, अंगठ्यानं मध्ये भोक पाडून तेलात सोडते आणि काडीनं गोल फिरवते. कडं फुगलं की चार-पाच ताटलीत आणि वर ‘चांकाका’चा पाक. चांकाका म्हणजे गूळच, पाकात लवंग आणि संत्र्याची साल. घारगे आणि अनारशांच्या मधलं काहीतरी. एक ताटली दोघांत घेऊ असं म्हणू नका, भांडण होतं.

त्याच कोपऱ्यावर शेगडीचा धूर येत असेल तर तो ‘आंतिकुचो’चा. वास फार सुंदर असतो, म्हणून आधीच सांगते: ते बैलाच्या हृदयाचे तुकडे असतात. खायचे की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण नकळत खाऊ नये.

पायरी १०: चव-बैठका, पण तिसऱ्या दिवशी

लिमात चव घेण्याचे मार्गदर्शित कार्यक्रम पुष्कळ आहेत. पहिल्याच दिवशी जाऊ नका. बाजार स्वतः बघितलेला असला की प्रश्न विचारता येतात, नाहीतर मान हलवत फिरावं लागतं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: कुठल्या बाजारात नेणार, गटात किती माणसं, आणि शाकाहाऱ्याला प्रत्येक थांब्यावर काय देणार. ‘सॅलड’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

पिस्को ही द्राक्षांची दारू. ती पाणी न घालता, लाकडी पिंपाचा रंग न चढवता करतात. कायद्यानं आठच जातींची द्राक्षं चालतात. चाखताना ‘केब्रांता’ आधी, सुगंधी ‘इतालिया’ नंतर. उलट केलंत तर पहिलीची चव लागतच नाही. ‘पिस्को सावर’मध्ये कच्च्या अंड्याचा पांढरा फेस असतो, तो नको असेल तर ‘चिल्कानो’ मागा. न पिणाऱ्यांसाठी ‘चिचा मोरादा’: जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी आणि लवंग उकळून केलेलं सरबत. खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडलं. मिराफ्लोरेस आणि बारांकोत पेरूच्या कोकोचं चॉकलेट आणि कॉफी चाखवणारी दुकानं आहेत. चॉकलेट चावू नका, टाळूला लावून वितळू द्या.

पहाटेची जाग अजून गेली नसेल तर त्याच दिवशी चोर्रीयोसच्या कोळ्यांच्या धक्क्यावर जा. नावावर जाऊ नका, चोर नाहीत. पेलिकन पक्षी मात्र अट्टल चोर, टोपलीशेजारी उभे असतात. त्या भागात ‘मोतोताक्सी’ दिसेल. जवळून बघा: बजाजची तीनचाकी, पाठीवर ओळखीचं नाव. परक्या देशात रिक्षा दिसल्यावर एवढं बरं वाटेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

घरी आणायचं काय

ताजी फळं, बटाटे, रोप किंवा पेरायच्या बिया आणू नका. विमानतळावर अडचण येते. चॉकलेट, भाजलेली कॉफी, किविचाच्या वड्या, कारखान्यात बंद केलेली पांका मिरचीची पूड किंवा तयार वाटण एवढं पुरे.

माझ्या शेवटच्या शनिवारी मिराफ्लोरेसच्या रेदुक्तो बागेजवळ भरणाऱ्या सेंद्रिय बाजारात गेले होते. वरच्या गावातल्या एका बाईच्या टोपलीत अननसासारखा, गाठीगाठींचा बटाटा होता. ‘काचुन वाकाची’, ती म्हणाली, आणि मग स्पॅनिशमध्ये अर्थ सांगितला: सुनेला रडवणारा. पूर्वी होणाऱ्या सुनेला हा सोलायला देत. साल जाडी निघाली किंवा गाठ तुटली की ती नापास. मी अर्धा किलो घेतला. तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, यापा म्हणून आणखी दोन टाकले, त्यातल्या त्यात जास्त गाठींचे. घरी येऊन सुरी लावली, पहिल्याच बटाट्याचे तीन तुकडे झाले. बाकीचे सालीसकट उकडले, वर तूप-मीठ घातलं आणि खिडकीशी उभी राहून खाल्ले.